कूस बदलली

रजिस्टरात एक रकाना आहे:
कूस बदलली. वेळ. सही.
दर दोन तासांनी एक घर, दिवसाला बारा.
रात्रीची सहा घरं मी चार्ज घेतानाच भरून टाकते,
दहा, बारा, दोन, चार, सहा, आठ,
एकाच पेनाने, एका दमात,
कारण पुढे पेन धरायला हात मोकळा सापडेलच असं नाही.

चोपड्याचा मे.
रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही.
पुरुष वॉर्डात तीस खाटा, सत्तेचाळीस माणसं
आणि मी.
दुसरी सिस्टर लेबर रूमने ओढून नेली,
सातपुड्यातून जीपने आलेल्या पावरा पोरीसाठी.
कागदावर आम्ही पाच जणी आहोत.
दोन जागा रिकाम्या, एक जळगावला प्रतिनियुक्तीवर.
माझा करार अकरा महिन्यांचा;
मधे एक दिवस असा येतो
की मी कुणाचीच सिस्टर नसते.

नऊ नंबरला सुपडू नाना. डावं अंग गेलेलं.
माकडहाडाशी रुपयाएवढी लाली.
कातडी फाटण्याआधी एकदा सांगते,
बोटाने दाबलं की कळतं ती काय म्हणते ते.

खाटेखाली त्यांची धनकोरबाई.
पहिल्याच रात्री म्हणाली,
"बाई, माले दखाडी दे, मी करसू."
दाखवलं. गुडघा वाकव, खांद्याला हात दे,
माणूस ओढायचा नाही, चादर ओढायची.
पाठीला उशी लाव.
उशी नव्हती.
तिने पिशवीतलं दुसरं लुगडं काढून घडी घातली.

घड्याळ तिला येत नाही.
शिरपूरकडची शेवटची एसटी गेली की एकदा,
केळीचे ट्रक घरघरू लागले की एकदा,
वॉचमन खोकत उठला की, अजान झाली की,
आणि दर वेळी पदराच्या गाठीत
दादरचा एक दाणा.

गुरुवारी तपासणी आली.
बारा तासांची रात्र संपवून मलाही थांबवून घेतलं,
माणसं भरलेली दिसावीत म्हणून.
खाटांवर कोऱ्या चादरी,
ज्यांच्या घड्या पेशंटलाही मोडू देत नव्हते.
साहेबांनी रजिस्टर चाळलं.
चार दिवस, अठ्ठेचाळीस घरं, अठ्ठेचाळीस सह्या.
"वा. शंभर टक्के."

धनकोरबाईला वाटलं, हिशेब मागताहेत.
तिने गाठ सोडली.
लॉकरच्या नव्या कापडावर दाण्यांचा छोटा ढीग,
आणि त्याच्या शेजारी, वेगळी ठेवलेली तूर.
"हाई दादर मन्ही," ती म्हणाली,
"हाई तूर बाईनी."

दादर मी मोजली नाही.
तूर मोजावी लागली नाही. सात होती.

साहेबांनी एकदा दाण्यांकडे पाहिलं, एकदा टॅबकडे.
लॉकरवर धान्य, अर्धा गुण वजा.
आणि दहा नंबरकडे वळले.

त्या रात्री मी पुन्हा ड्युटीवर.
आधी नानांची पाठ पाहिली. लाली फिकी झाली होती,
आठाण्याएवढी उरलेली.
कोऱ्या चादरी स्टोअरला परत गेल्या होत्या.

रजिस्टर उघडलं आणि दहाचं घर तसंच सोडलं.
दहा चाळीसला सलाईन लावून उरकले,
मग आम्ही दोघींनी मिळून नाना वळवले.
लिहिलं, १०.४०.
बारा वाजता तेहतीस नंबर गेला. घर कोरं.
दोन वाजता त्याच्या मुलाला पाणी दिलं,
शववाहिकेला फोन लावत बसले. घर कोरं.
चारला कूस बदललेली होती. माझ्या हाताने नव्हे.
सहीच्या जागी लिहिलं: नातेवाईक, धनकोरबाई.

मेट्रन चिडतील. मेमो येईल.
येऊ दे.
मेमोत कारण लिहायला जागा असते,
रजिस्टरात ती कधीच नव्हती.