शुक्रवारी, साडेसहा वाजता

मे महिना. पारा पंचेचाळीसवरून उतरायला तयार नाही.
गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर,
एसीखाली ठेवलेली बादली भरत आलेली.
पडद्यावर पुणं, पडद्यावर बंगळुरू,
आणि खाली उजव्या कोपऱ्यात आम्ही:
आठ माणसं, बुंदीच्या लाडवांचा एक डबा,
रिलीज झाली की फोडायचा.

चाळीस रक्तपेढ्या. प्रत्येकीत फ्रीज.
फ्रीज तापला की कुणाचा तरी फोन वाजवायचा,
एवढंच आमच्या प्रोग्रॅमचं काम.

भाग्येश निनावे, नोकरीला सात महिने,
हात अर्धाच वर करतो:
"मॅडम, दोनशेत एकदा फोन वाजत नाही.
काऊन वाजत नाही, ते सापडून नाही राहिलं."

पुणं हसलं. बंगळुरूनं घड्याळ पाहिलं.
टेबलाखालून कुणीतरी निनावेला पाय मारला.
तो मला दिसला, आणि मी न दिसल्यासारखं केलं,
तीन सेकंद.
खोटं कशाला बोलू, पाच.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही शीतगृहांचे हिशेब लिहायचो.
बटण मी दाबलं होतं.
धकाते सर रजेवर, पाचपावलीत, नातीचं बारसं.
सकाळी साडेतीनशे संत्रा-अडत्यांचं भाडं
दोनदा कापलं गेलेलं.
मालक फोनवर किंचाळत होता,
आणि सर मांडवातून, मागे पाळणा म्हणणाऱ्या बायका,
शांतपणे म्हणाले, "निर्णय माझा होता."

नव्हता.

पुढे कधी विषय काढला नाही त्यांनी.
एकदाच, पोह्यांच्या ठेल्यावर,
तर्रीवरचं तेल चमच्यानं बाजूला सारत:
"आमचे बाबा मागावर बसत.
ताण्याचा धागा तुटला का माग थांबे.
शेठ विचारी, लुगडं किती झालं?
बाबा म्हणत, आधी गाठ मारू द्या."
मग बराच वेळ खात राहिले.
"पण हरेक धाग्याला थांबले असते
तर आम्ही जेवलो काय असतो?
कोणता धागा, ते बोटाले कळते."

माझ्या बोटांना काही कळत नव्हतं.
हे मुद्दाम लिहून ठेवते,
कारण लोक नंतर म्हणतात, मॅडमना बरोबर सुचतं.
मला फक्त एक फ्रीज दिसला, रात्री तीनचा,
लाइट गेलेली,
आणि दोनशेतली ती एक वेळ.

म्हटलं, "आज नाही."
पुण्यानं विचारलं, कारण?
"कारण सापडलेलं नाही, हेच."

सोमवारी निनावेनं चार हजार वेळा चालवून पाहिलं.
चार हजार वेळा फोन वाजला.
बुधवारी पुण्याचं पत्र,
पुढचं काम दुसऱ्या कंपनीला.
लाडवांना मुंग्या लागल्या.

संध्याकाळी खाली ठेल्यावर
तो प्लेट धरून नुसताच उभा.
"मॅडम, मी बोललोच नसतो तर..."
"निर्णय माझा होता," मी म्हटलं,
आणि जीभ जराशी अडखळली,
कारण ह्या वेळी ते खरं होतं.

"खा, पोहे थंडे होतात.
आणि उद्या पुन्हा चालव.
मेन स्विच पाडून चालव."