सव्वाचार फूट

फायलीचा विषय सावेंनी टाइप केला होता :
"जनहितार्थ, लंगरवाली गल्लीतील
सार्वजनिक शौचालय (आठ सीट) निष्कासित करणेबाबत."
खाली माझ्या सहीसाठी पेन्सिलीची फुली.

दारूखान्याच्या अंगाला, जिथं जहाजांची हाडं
भंगाराच्या भावानं किलोवर जातात,
तिथं अग्निशमनची गाडी वळत नाही.
केंद्र अधिकारी टेमकरांचं पत्र स्वच्छ होतं :
मागच्या आगीत पाइप एकशे साठ पावलं ओढत नेला,
तोवर गाळा क्रमांक नऊ संपला होता.
संपला, हा त्यांचाच शब्द.
आत माणूस होता,
हे पुढच्या परिच्छेदात.

हरकती व सूचना : मुदत तीस दिवस.
गजानं नोटीस शौचालयाच्याच भिंतीवर डकवली.
म्हणाला, वाचायला वेळ असलेली माणसं
तिथंच तर उभी असतात.

एक हरकत आली.
वहीचा कागद, समासाची लाल रेघ पाळलेली.
जुबेदा मुकादम, गाळा क्रमांक दहा.

सुनावणीला ती होती, मी होतो.
बाईसाहेब मंत्रालयात,
त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल.

ती टॉवेलाकडं बघून बोलली :
साहेब, आग दहा वर्षांतनं एकदा लागते.
आम्हाला रोज लागते.
मी हसलो नाही. तीही नाही.
मग म्हणाली, नऊ नंबरात माझा भाऊ होता.
गाडी यायलाच पाहिजे.
मी गाडीच्या विरोधात नाही आले.
कागदावर जन लिहिलंय,
ते मोजलंत का, एवढंच विचारायला आले.

मोजले नव्हते.

पहाटे पाचला टेप घेऊन गेलो.
एकतीस बायका. काहींच्या हातात रंगाचे रिकामे डबे,
एका मुलीच्या काखेत भूगोलाचं पुस्तक.
पुरुषांचं तिकडनं, कुणीतरी ओरडलं.
मी पाठ करून भिंत मोजली,
गाडीची लांबी, वळणाचा घेर, गटाराचं झाकण.
मग परत मोजली, कारण पहिल्यांदा खरं वाटलं नाही.
आठ पाडायची गरजच नव्हती.
सव्वाचार फूट पुरत होते.

सव्वाचार फूट म्हणजे दोन सीट.
दोन्ही बायकांच्या बाजूच्या.
वळण त्या बाजूला होतं, दुसरं कारण नाही;
हे वाक्य मी टिपणीत लिहिलं आणि खोडलं,
कारण असतंच नेहमी वळण त्या बाजूला.

मग पुरुषांची एक सीट बायकांना दिली,
मधली भिंत एक खण सरकवून. तीन आणि तीन.
त्यावर मात्र सतरा हरकती आल्या,
मुदत संपल्यावर, टाइप केलेल्या, एकाच मजकुराच्या.

टिपणीच्या शेवटी लिहिलं :
"या निर्णयामुळे सकाळची महिलांची रांग
अंदाजे अकरा मिनिटांनी वाढेल.
ही गैरसोय प्रशासनास ज्ञात आहे."
सावे म्हणाले, असलं लिहीत नाहीत हो, अंगाशी येतं.
येऊ दे म्हणालो. रात्री झोप लागली नाही, ते वेगळं.

फाईल परत आली. हिरव्या शाईत मान्य.
अकरा मिनिटांखाली पेन्सिलीची रेघ.
रेघ शाबासकीची की नापसंतीची
हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

चाचणीच्या दिवशी गाडी एका दमात वळली.
पोरं ओरडली, टेमकरांनी टोपी काढून घाम पुसला.
रांग तशीच उभी, भिंतीच्या नव्या कडेला धरून,
विटांची ताजी कापलेली तोंडं अजून लाल.
जुबेदाचा नंबर विसावा असेल, बाविसावा असेल.
एका हातात डबा, टाळीला दुसरा हात नाही.
तिनं बोटांनी डब्यावरच दोनदा वाजवलं,
आणि नंबर जाऊ नये म्हणून
एक पाऊल पुढं सरकली.