पाटी

समाजमंदिराच्या मागच्या खोलीत,
जिथं आधी गणपतीचं मखर ठेवायचे,
आता तीन कॉम्प्युटर. एक बंद.
दारावर खडूनं: डिजिटल केंद्र. चपला बाहेर.
सकाळी दहा ते लाईट जाईपर्यंत मी.

सोजरबाई अडागळे चपला काढून आल्या
आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या,
एसटीत तिघांच्या बाकावर चौथं माणूस बसतं तशा.

धंद्याचं नाव?
केरसुण्या.
तो माल झाला, मावशी. दुकानाचं नाव.
पाटीवर लिहितात ते.
पाटी हाय की, म्हणाल्या,
आणि हात डोक्याकडं नेला.
चुंबळीच्या जागी केस विरळ झालेत.

स्थापना वर्ष?
सासूनं शिंदीची पहिली मोळी पुढ्यात टाकली
तवा अंगाची हळद निघाली नव्हती.
मी अंदाजानं १९८४ टाकलं.
रकाना हिरवा झाला.

फोटोसाठी केरसुणी भिंतीला उभी टेकवली,
तर त्या उठल्याच.
आडवी ठेव. लक्ष्मी हाय ती.
आडवी ठेवली. फोटोत माझा पाय येत होता,
तोही मागं घ्यायला लावला.
वर्गवारीत लक्ष्मी नव्हती.
'घरगुती स्वच्छता' होती.

मग नकाशा.
दांडेकर पुलाखालची आपली वस्ती म्हणजे एक राखाडी डाग.
गल्ली नाही, नळकोंडाळं नाही,
दोघं समोरासमोर आले की एकानं मागं सरायचं
तो बोळही नाही.
पिन रोवायला गेले,
ती घसरून आंबिल ओढ्यात पडली.
उचलली. पुन्हा ओढ्यात.
राहू दे, सोजरबाई म्हणाल्या,
त्या पुराच्या रात्री आमी बी तितंच व्हतो.
जरा वेळ दोघी पडद्याकडं बघत राहिलो.
निळी रेघ. केवढीशी.

दिवाळीच्या आठवड्यात बाणेरच्या एका सोसायटीनं
चाळीस केरसुण्या मागवल्या.
न्यायला आलेला पोरगा पलीकडच्या काठावर
गाडी उभी करून फोनकडं बघतोय,
ओढ्याकडं बघतोय,
परत फोनकडं.
रेंज नव्हती. सोजरबाईंनी फोन माझ्या हातात दिला,
पदर खोचला
आणि पेठांत दुपारी एक ते चार
गिळून ठेवावा लागतो तो आवाज
अख्खा बाहेर काढला:
केऽऽरसुणी घ्याऽऽय!
पोरानं मान वर केली.
त्याच्या बाजूच्या दोन खिडक्याही उघडल्या.

पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांनी
मला दोनदा वाचायला लावला.
तिसऱ्यांदा स्वतःच,
एकेका आकड्यावर बोट ठेवत.
बोटाला शिंदीची चिरी पडलेली,
स्क्रीन मधेच दाद देईना.

पिन मी परत हलवलीय.
'तुमचा बदल तपासला जात आहे,' एवढंच येतं, महिना झाला.
कोण तपासतंय गं?
माहीत नाही, मावशी.
त्याला म्हणावं, ये इकडं.
चपला काढून.