दोन दशांश

उद्या मंडळाचं रजिस्टर रुचिता भोईरच्या हाती द्यायचं आहे,
म्हणून हे एक पान जास्तीचं.

पहिली नोंद माझ्या अक्षरातली नाही.
हिराजी मढवी, मुकादम, मिठागर क्रमांक चार:
"दिवागाव धाव मंडळ. सभासद अकरा. बूट तीन जोड."
धावपट्टी म्हणजे आगराचा बांध,
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मीठ.
तोल गेला तर कुठे पडायचं
एवढीच निवड;
टाचेला भेग असलेला मिठाकडे कधी पडला नाही.

मग रबाळ्याच्या कारखान्यात यंत्र बसवायला
थॉर्किल नावाचा डेन्मार्कचा फिटर आला.
गावाने दोन दिवसांत त्याचा थोरकाका केला.
बांधावर उकिडवं बसायला शिकला,
बोंबलाच्या कालवणाने डोळे पुसायचा
आणि मोडक्या हिंदीत सांगायचा
त्याच्या गावच्या क्लबाबद्दल:
गाईंच्या कुरणात सुरू झालेला,
आधी शेण उचलायचं, मग शर्यत.
तिथले तिघे ऑलिम्पिकला गेले, म्हणे.
एक थाळीफेक्या,
एक पावाच्या भट्टीवरचा, चालण्याच्या शर्यतीतला,
आणि एक, ज्याचं नाव घेताना तो आधीच हसायचा,
पहिल्याच वळणावर बूट निघाला, तरी पोचला.
आम्ही विचारलं, पदक?
म्हणाला, बूट सापडला. तेवढं झालं.

जाताना हे स्टॉपवॉच दिलं
आणि दोन बोटं दाखवून बजावलं:
दोन दशांश मागे राहतं,
प्रत्येक वेळेत तेवढे मिळव.

मिळवत आलो.
एकतीस वर्षं, पेन्सिलीने, समासात.
फक्त एकदा नाही.

चांगुणा केणी. शाळेमागचं मैदान. चारशे मीटर.
ठाण्याच्या निवडीला नाव धाडायचं तर
अठ्ठावन्न सेकंदांच्या आत हवं होतं.
घड्याळ म्हणालं सत्तावन्न पूर्णांक नऊ.
पेन्सिल उचलली. ठेवली.
ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी एका पायावर,
ती गुडघ्यांवर हात टेकून,
"किती, मास्तर?"

पुढचं सगळं तिचं तिने कमावलं.
ठाणं, पुणं, पतियाळा,
तिथली घड्याळं माझी नव्हती.
ऑलिम्पिकला गेली. रिले.
चौघींच्या संघात पाचवी.

परत आली तेव्हा जेट्टीपासून बँजो,
सरपंचांच्या हातात झेंडूचा हार, तिच्या डोक्यापेक्षा मोठा.
"मना हार कशाला? मी कय धावले?"
बँजोवाला मधेच थांबला
आणि मग कुणालाच कळेना, घरी कधी जायचं.

रात्री रजिस्टर उघडलं.
निकालाच्या रकान्यात रेघ ओढली, खोडली.
शेऱ्यात लिहिलं तिला विचारून:
"मागच्या मैदानात अंग गरम केलं, दोन फेऱ्या.
बूट शेवटपर्यंत घातलेले."

थोरकाकाला कळवलं.
उत्तर आठ महिन्यांनी, त्याच्या मुलीचं.
तो गेला होता. कपाटात आमच्या मिठाची एक पुडी होती,
ती तिने ठेवून घेतली आहे, विचारते, चालेल ना.
सोबत क्लबातल्या लाकडी फलकाचा फोटो.
नावं तीन नव्हती. चार होती.
चौथं सर्वांत खाली, त्याचं स्वतःचं,
पुढे ना शर्यत, ना क्रमांक.
भिंग लावून बघितलं. नव्हतंच काही.

फोटो चांगुणाला दाखवला.
ती ऐरोलीच्या बँकेत असते, काउंटर तीन.
बराच वेळ तिने पाहिला,
मग पुढच्या गिऱ्हाइकाचं पासबुक घेतलं.

बांधावरून आता सर्व्हिस रोड जातो.
पोरी पहाटे तिथेच धावतात, वेळ फोनवर.
रुचिता परवा पानं चाळताना म्हणाली,
समासात हे जिथे तिथे अधिक दोन कसलं?
मी घड्याळाची खोड सांगितली.
तिने पान उलटलं, पुन्हा मागे आली,
"इथे राहिलंय, मास्तर."

सत्तावन्न पूर्णांक नऊसमोर समास कोरा आहे.
पेन्सिल याच पानात ठेवली आहे.
टोक काढलेलं आहे.