प्रायमर लावण्यापूर्वी

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कोमट पाणी,
भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब,
आणि ठाण्याच्या किल्ल्यातली शिबंदी :
अठ्ठेचाळीस जण, करंगळीच्या नखाएवढे.

साच्याची पावडर अंगावर राहिली
तर रंग धरत नाही.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही,
दिवसभर चरईतल्या लॅबमध्ये
मी लोकांचे दात ओतते.

जुन्या टूथब्रशने एकेकाची पाठ घासते.
आई दारातूनच म्हणते,
शिसं आहे ना त्यात? मग आज कणकेला हात लावू नकोस.

साच्याची दोन अर्धी जिथे भेटली
तिथे एक रेघ राहते,
पागोट्यापासून थेट टाचेपर्यंत.
दाढेवर अशी रेघ राहिली तर जिभेला लगेच कळतं.
यांच्या अंगावरची कुणाला कळणार,
टेबलावरून, तीन फुटांवरून?
तरी कानस फिरवते. हलक्या हाताने,
नाहीतर रेघेबरोबर नाकही जातं.

वाकलेले भाले सरळ करते.
हा धातू एकदा ऐकतो, दुसऱ्यांदा ऐकतो,
तिसऱ्यांदा तुटतो.

तट पुठ्ठ्याचा करायचाय.
खऱ्या तटामागे आता तुरुंग.
परवा भिंतीची उंची नजरेने मोजत उभी होते
तर शिपायाने हटकलं : कोणाला भेटायचंय?
मी गप्प.
तो जरा मऊ झाला. म्हणाला,
मुलाखतीची वेळ संपली, ताई. उद्या या.

सदतिसाव्याला चेहरा नाही.
हवा अडकली असणार,
धातू तोंडापर्यंत पोचलाच नाही.
लॅबमध्ये असा दात मी सरळ मुशीत परत टाकते.
याला पुटीचं नाक बसवता येईल,
मेण कोरायच्या सुईने दोन डोळेही.
पण कोणाचे?
बाकीचे सत्तेचाळीस एकाच साच्यातले,
सगळे एकाच माणसासारखे दिसतात.
हा तेवढा कुणासारखाच नाही.
सुई खाली ठेवली.

आइस्क्रीमच्या काड्यांवर चार-चार चिकटवले,
त्याला शेवटच्या काडीवर, कडेला.

परेराची कंपनीची पलटण केव्हाच तयार आहे,
लाल डगल्यांना त्याने बटणंसुद्धा काढलीत.
रविवारी उथळसरला, टेबल टेनिसच्या टेबलावर,
सतराशे चौऱ्याहत्तरचा डिसेंबर.
पहिल्या रात्री ते खंदक भरायला येतात आणि मार खाऊन फिरतात.
दुसऱ्या दिवशी आत येतात.
हे त्याला ठाऊक आहे, मलाही.
फाशांना तेवढं ठाऊक नाही.

संध्याकाळी डबा हलवत हलवत गच्चीवर गेले.
(प्रायमरचा डबा. शिबंदी सुपात.)
कोपरीकडून खाडीचा वारा,
दोरीवरचे टॉवेल सकाळपासून ओलेच.
अशा हवेत फवारलं तर अंगावर पांढरी बुरशी चढल्यासारखं दिसतं.
सूप घेऊन परत खाली.

परेराला फोन केला : या रविवारी जमत नाही, हवा दमट आहे.
तो म्हणाला, बरंच झालं,
माझ्या मोठ्या तोफेचं चाक निखळलंय.

म्हणजे अजून एक आठवडा
किल्ला आपल्याकडे.