विंगेतून

एकतीस वर्षं मी ट्रंक कॉल जोडले, सदरच्या एक्स्चेंजमध्ये.
"तीन मिनिटं झाली" म्हणून लोकांच्या मध्ये बोलायची ती सवय
नाटकात कामी आली.
आता कोणी अडखळलं तरच बोलते, तेही कुजबुजत,
मांडीवर वही, वहीवर पेन्सिलीएवढा टॉर्च.

तालीम महालात, एका शिकवणीवर्गाच्या हॉलमध्ये.
मे महिना. कूलरचा एवढा घरघराट
की "हळू बोल, कुणी ऐकेल" हे वाक्य
करुणाला ओरडून म्हणावं लागायचं.
आम्ही हसायचो. ठवकर सर हसत नसत.
नाटक त्यांचंच. शुद्ध, इस्त्री केलेलं.
शेवटी नायक विष घेतो
आणि नायिका पोचते तेव्हा उशीर झालेला असतो.

पहिल्या अंकात ती त्याला "तुम्ही" म्हणते.
दुसऱ्यात, भांडता भांडता, "तू".
लग्न दुसरीकडे ठरतं आणि पुन्हा "तुम्ही".
या "तुम्ही"त आधीचं लाजणं नाही.
समासात मी लिहून ठेवलं: इथे आतून कडी.

"मला तोंड दाखवू नका" करुणा कधीच विसरली नाही.
"सुखी राहा"ला मात्र रोज अडायची.
चार अक्षरं. रोज मी पुरवायचे.
लाइनवरही असंच असे:
शिव्या स्वच्छ ऐकू यायच्या,
"बरी आहेस ना" विचारताना माणसं खोकायची.

हेमराज लांजेवार इतवारीत एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहायचा.
त्याच्या तोंडी "का" टिकेचना, "काहून" यायचं.
"मरताना तरी नीट बोल रे बाबा," सर म्हणायचे.
करुणा मूळची काटोलची. बाया तिकडे "येतो मी" म्हणतात, पुरुषांसारखंच.
तिच्याकडून दोन महिने "येते" घोटून घेतलं.
घोटून घेणारी मीच.

स्पर्धेची रात्र. तिसरा अंक.
तो खाटेवर, ती दारात.
आणि हेमराज म्हणाला,
"काहून आली?"

प्रेक्षकांत कोणी तरी फिसकन हसलं.
वहीत तिचं उत्तर होतं:
"ज्या वाटेने आले, तिला परतणे ठाऊक नाही."
करुणा गप्प. वाक्य माझ्या जिभेवर आलेलं.
तेवढ्यात ती म्हणाली, "तुले पाहाले."

मग बऱ्याच वेळानं, खाली बसत,
"जेवला का नाही?"

विष घेतलेल्या माणसाला.

आता कोणी हसलं नाही.
पुढची दोन पानं त्यांनी बोललीच नाहीत,
मी पानं उलटत राहिले, उगाच, हातांना काम म्हणून.
त्याचा हात खाटेवरून लोंबला.
तिनं तो उचलून परत त्याच्या छातीवर ठेवला,
शर्टाचं वरचं बटण लावलं.
वहीत शेवटचा शब्द होता, "जाते."
घरातून निघताना आपल्याकडे कोणी असं म्हणत नाही.
तीही म्हणाली नाही.
"येतो मी," म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

परीक्षकांनी भाषेचे गुण कापले.
सर आठ दिवस बोलले नाहीत,
नवव्या दिवशी वही मागायला घरी आले,
चहा घेतला, वही न घेताच गेले.

त्या पानाच्या समासात माझी एकच नोंद आहे:
तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.
मी मध्ये बोलले नाही.