धडा चौदावा: कोंबूची वाळवण

ल्युब्लियानात, नदीकडच्या चौथ्या मजल्यावर,
हीटरची खरखर बंद करून
मी तोमे हातानाका यांचं वय ऐकते:
"शहाऐंशी. नाही, सत्त्याऐंशी. थांब, सून सांगेल."
हे कापायचं, मी वहीत लिहिते.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी. मजकूर सोळाशे अक्षरं,
ध्वनी सहा मिनिटं, फोटो नऊ,
आणि प्रत्येक अवघड शब्दाला एक दार.
बोट लावलं की उघडतं, अर्थ सांगतं, मिटतं.
दारं बसवतो मात्याझ.
त्याला जपानीचं ओ की ठो कळत नाही.
म्हणतो, "कुठे हवं ते सांग, आणि किती रुंद."

गेल्या ऑगस्टात, एरिमोच्या टोकावर
मी मायक्रोफोनला लोकरीचा मोजा घातला होता.
तरी वारा आत शिरलाच.
पहाटे झेंडा चढला, होड्या सुटल्या,
आणि उन्हं येईतो गोट्यांच्या अंगणभर
काळे, ओले, माणसाच्या दुप्पट लांब पट्टे.
बाया वाकून एकेकाच्या चुण्या ओढत होत्या.
ढग आला की उचला.
थेंब पडला की डाग, डाग पडला की भाव अर्धा.
हे सगळं मजकुरात आहे.
वाक्यं माझी आहेत, नीट इस्त्री केलेली.

मी गुडघ्यांचं विचारलं.
"इझुई," त्या म्हणाल्या.
"दुखतात?"
"दुखत नाहीत."
"मग?"
"मग काय. इझुई."

उत्तरेकडचा शब्द. आईच्या तोंडी होता,
मी परीक्षांच्या नादात हरवला.
त्याच्या दारामागे ठेवायला मी आठवडाभर लिहीत होते:
डोळ्यात गेलेला पापणीचा केस.
मोज्यात वाळूचा एकच कण.
उसना कोट, खांद्यात अगदी बरोबर,
खिशात दुसऱ्याचं तिकीट.
एकोणीस वर्षं ज्या बेकरीत पाव घेते
तिथली बाई माझ्याशी अजून सावकाश बोलते, ते.
"ऐंशी अक्षरं मावतात," मात्याझ म्हणाला.
मी शेवटचं खोडलं.

मार्चमध्ये अकरा जणांवर धडा करून पाहिला.
कोणी कुठे थांबलं, कोणी काय उघडलं,
यंत्र मुकाट्याने टिपून ठेवतं.
मला वाटलं होतं, 'वाळवणं'चं ते अकरा रेघांचं अक्षर,
ज्याच्यासाठी मी तीन उदाहरणं रचली.
किंवा इझुई.
दोन्ही दारं जेमतेम उघडलेली.

सगळे परत परत गेले होते
चार मिनिटं बारा सेकंदांवर.
तिथे शब्द नाही, दार नाही,
मी शेऱ्यात 'गोंगाट' लिहून सोडून दिलेली जागा:
वारा, कसलासा धप्प आवाज,
आणि तोमेबाईंचं हसणं,
आधी नाकातून, मग दाबून,
मग सत्त्याऐंशी वर्षांचं सगळं एकदम सुटलेलं,
मागून सून ओरडतेय, "अगं, तिला उठव तरी!"

उर्श्का पेरको हिने खाली लिहिलं होतं:
"बाकी सगळं समजलं.
इथे काय झालं?"

मी चहा केला. तो निवू दिला.
मात्याझला हाक मारली.
"एक दार राहिलंय."
"कोणत्या शब्दाला?"
"शब्दाला नाही."
त्याने मान वर केली, पण विचारलं नाही.
मी बोटांवर मोजून अक्षरं बसवली:

'धडा तयार करणारी बाई ओल्या कोंबूवर पाय ठेवते.
आपटते. माल खराब होत नाही.'

पंधरा-वीस अक्षरं उरली होती.
तिथे मी सुनेला बोलावलं:
'वय अठ्ठ्याऐंशी.'